ऐकू न आलेली सुनावणी

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. पण माझ्यातून कधी गाणी वाजली असतील असं समजू नका. गाण्याबिण्याशी माझा काडीचाही संबंध आला नाही. मी कोर्टातला. दुसऱ्या देशातून आलेल्या माणसांना इथे राहू द्यायचं की परत पाठवायचं, याची सुनावणी ज्या खोलीत होते, तिथेच माझी सगळी नोकरी झाली.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्यात तार ओवली, दुसरीने कानांना मऊ गाद्या लावल्या आणि तिसरीने मला डोक्यावर चढवून आवाज नीट येतो का ते पाहिलं. आम्ही बारा भावंडं एकाच खोक्यातून कोर्टात आलो.

खोलीला खिडकी नव्हती. समोर न्यायाधीशांचं उंच टेबल, एका बाजूला सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला ज्याची सुनावणी तो माणूस. कोपऱ्यात दुभाषीबाई छोटासा माइक घेऊन बसायच्या. न्यायाधीश जे बोलतील ते त्या हळू आवाजात त्या माणसाच्या भाषेत सांगायच्या आणि माझ्यातून ते त्याच्या कानात पोचायचं. किती तऱ्हेचे कान पाहिले म्हणून सांगू! मोठे, चपटे, थंडगार पडलेले, लाजेने तापलेले. कानामागची नाडी कशी उडते ते मला सगळ्यांत आधी कळायचं. एकदा एका आजीने सुनावणी संपल्यावर मला काढून दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला कळेल असं बोललं." त्या दिवशी मला फार धन्य वाटलं.

पण कौतुक फार दिवस टिकत नाही. माझ्या गाद्यांना भेगा पडल्या. भावंडं एकेक करून मुकी झाली आणि खोक्यात गेली. कोर्टातली यंत्रं सांभाळणारे साऊंडवाले काका दरवर्षी अर्ज लिहायचे, "नवीन हेडफोन हवेत." वरून दरवर्षी उत्तर यायचं, "तूर्त गरज दिसत नाही." मग काका पुटपुटत मला चिकटपट्टी गुंडाळायचे. माझी तार मुळाशी खिळखिळी झाली होती. डोकं ताठ असलं की आवाज यायचा, मान खाली गेली की तो तुटायचा. हे माझं मलाच ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

अशातच एक दिवस तो फरशीवाला आला.

लोकांच्या घरांत फरशा बसवायचं त्याचं काम. अकरा वर्षं तो या देशात राहत होता, पण काम आपल्याच लोकांबरोबर, म्हणून इथली भाषा त्याला कधी आली नाही. त्याच्या परवान्याची मुदत संपली असं म्हणून त्याला कामावरूनच उचललं होतं, हातावरचं सिमेंटसुद्धा धुऊ दिलं नव्हतं. आठ दिवस तो अटकेत होता. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती. कारकुनाने मला त्याच्या डोक्यावर चढवलं, हाताने 'येतोय ना आवाज?' अशी खूण केली, आणि फरशीवाल्याने मान डोलावली. मग त्याने ती खाली घातली. आयुष्यभर जमिनीकडे बघून काम केलेला माणूस तो, त्यात भेदरलेला. त्याची मान खाली गेली आणि इकडे माझा आवाज गेला.

न्यायाधीशांनी एक कागद उचलला. "ही सही तुमचीच ना?"

दुभाषीबाईंनी सांगितलं. त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. पण सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्याला कळलं. "हो," तो म्हणाला.

"वकील नको, सुनावणी नको, मी माझ्या खुशीने देश सोडून जातो, असं यात लिहिलंय. कबूल?"

"हो."

"तुमची इथे कोणी माणसं आहेत?"

"हो."

"किती?"

"हो."

दुभाषीबाई थांबल्या. त्यांचा नियम असा, की दुसऱ्याचं बोलणं सांगायचं, स्वतःचं काही बोलायचं नाही. पण त्या उभ्या राहिल्या. "साहेब, मला स्वतःहून काही सांगायचंय."

सरकारी वकील वैतागले. त्यांच्यासमोर फायलींचा ढीग होता. "बाई, तुम्ही भाषांतर करा. मध्ये बोलू नका."

"भाषांतरच करतेय हो, पण ते पोचत नाहीये," दुभाषीबाई म्हणाल्या. "किती, असं विचारल्यावर हो, असं उत्तर कुठल्याच भाषेत देत नाहीत. यांना ऐकू येत नाहीये, साहेब."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच इतकी लाज वाटली!

"साहेब, उद्या सकाळचं यांचं विमान आहे," सरकारी वकील म्हणाले. "सही झालेली आहे. आणि हा माणूस इथला नागरिक नाही. नागरिकाचे हक्क याला कसे लागू होतील?"

न्यायाधीशांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "राज्यघटना आहे ना तुमच्यासमोर? ते कलम जरा मोठ्याने वाचा."

वकिलांनी पान काढलं. "कोणत्याही व्यक्तीचं स्वातंत्र्य रीतसर न्यायप्रक्रियेशिवाय..."

"थांबा. काय म्हणालात, व्यक्ती की नागरिक?"

"व्यक्ती."

"आता मतदानाचं कलम काढा. तिथे काय लिहिलंय?"

"नागरिक."

"म्हणजे लिहिणाऱ्यांना दोन्ही शब्द येत होते," न्यायाधीश म्हणाले. "यांना इथे राहू द्यायचं की नाही, ते मला अजून माहीत नाही. कदाचित जावंही लागेल. पण त्यांचं न ऐकता त्यांना पाठवता येणार नाही. आणि त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसताना तर मुळीच नाही. याला आपण सुनावणी म्हणतो, वकीलसाहेब. साऊंडवाल्यांना बोलवा."

काका धावत आले. मला कानाला लावून त्यांनी मान वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "अरे देवा," ते म्हणाले, "मान वाकवली की मेला आवाज बंद!" तिथेच खाली बसून त्यांनी माझी चिकटपट्टी सोलली, तार कापली आणि तापलेल्या सळीने डाख देऊन पक्की जोडली. मला थोडं भाजलं, पण त्याचं काही नाही.

पुन्हा मला फरशीवाल्याच्या डोक्यावर चढवलं. दुभाषीबाई म्हणाल्या, "दादा, आता ऐकू येतंय का?"

त्याच्या कानामागची नाडी एकदम थांबल्यासारखी झाली आणि मग धाडधाड उडू लागली. त्याने मान वर करून कोपऱ्यात पाहिलं. "येतंय," तो म्हणाला. "बाई, येतंय. हे सगळे काय म्हणताहेत?"

कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठलाच. "नाही, नाही! कोठडीतले शिपाई म्हणाले, ही काढून घेतलेल्या सामानाची पावती आहे. माझा पट्टा, घड्याळ, बुटाच्या नाड्या."

"कोणत्या भाषेत म्हणाले?"

"भाषा कुठली, साहेब? पट्ट्याकडे बोट केलं, मग कागदाकडे बोट केलं. मला वाटलं, सही केली की पट्टा मिळेल."

सरकारी वकिलांनी आपली फाइल उघडली. खूप वेळ त्यांनी त्या कागदाकडे पाहिलं. मनात आणलं असतं तर ते गप्प बसू शकले असते. पण ते म्हणाले, "दुभाष्याच्या नावाचा रकाना कोरा आहे, साहेब."

न्यायाधीशांनी तो कागद रद्द केला, विमान थांबवलं आणि सांगितलं, "घरी जा, वकील गाठा, पंधरा दिवसांनी या." मागच्या बाकावरून हुंदका ऐकू आला, तो बायकोचा.

पंधरा दिवसांनी ती एक वकीलबाई घेऊन आली आणि सोबत बटणांच्या डब्यात जपून ठेवलेली एक चिठोरी. चिठोरी कसली, ती पोचपावती होती! परवाना वाढवून मिळावा म्हणून फरशीवाल्याने मुदत संपायच्या महिनाभर आधीच अर्ज केला होता. निकाल लागेपर्यंत जुनाच परवाना चालू धरायचा, असा कायदा. अर्ज हरवलाही नव्हता. कचेरीने त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं आणि तो भलत्याच फाइलीत जाऊन पडला. सरकारी वकिलांनी स्वतः शोधून तो सोबत आणला होता. म्हणजे ज्या माणसाला हे विमानात बसवायला निघाले होते, तो एक दिवससुद्धा बेकायदा राहिलेला नव्हता.

"प्रकरण बंद," न्यायाधीश म्हणाले.

फरशीवाल्याने दुभाषीबाईंना विचारलं, "म्हणजे मी उद्या कामावर जाऊ? एकांच्या मोरीची फरशी अर्धीच राहिलीय."

"जा," न्यायाधीश म्हणाले.

"अहो, आधी घरी चला!" मागून बायको ओरडली, आणि एवढ्या गंभीर खोलीत सगळे हसले, सरकारी वकीलसुद्धा. फरशीवाल्याने मला डोक्यावरून काढलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि टेबलावर अलगद ठेवलं. त्याच्या हातांना सवयच होती, कुठलीही वस्तू सरळ रेषेत ठेवायची.

त्यानंतर महिन्याभरात नवीन हेडफोन आले. काकांचा अर्ज तोच होता. या वेळी खाली न्यायाधीशांची सही होती. मी आता काकांच्या कपाटात असतो. वाईट वाटत नाही. उलट सुटल्यासारखं वाटतं. फक्त कधीकधी आठवतं, की त्या दिवसाआधीही माझी तार अशीच होती आणि माझ्याखाली कितीतरी माना खाली गेल्या होत्या. त्यांनीही 'हो'च म्हटलं असेल.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. वस्तू जुनी झाली तर तिच्यावर पट्ट्या चिकटवत बसू नका, वेळेवर दुरुस्त करा. तिच्यावर कोणाचं काय अवलंबून असेल ते तुम्हाला दिसत नसतं. आणि समोरचा माणूस कुठलाही असो, आपला असो की परका, तो नुसता मान डोलावत असेल तर घाई करू नका. बोलणं थांबवून त्याला आधी विचारा, "तुम्हाला ऐकू येतंय ना?" आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा.