रिकाम्या अंगणाचा फोटो

शाळेच्या हॉलमध्ये ग्रामसभा भरली होती. पडद्यावर गावची खाडी झळकली आणि प्राप्तीने शेजारच्या रुचिताला असा चिमटा काढला की ती ओरडलीच. चित्रच तसं होतं! कौलांचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झालेली. त्या जागी चित्रात खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर घरं, काठाने फिरायला रस्ता. आणि धक्क्याला लागून काचेचं वाचनालय! दहावीतली प्राप्ती मनातल्या मनात तिथली खिडकीजवळची खुर्ची पकडून बसलीसुद्धा.

बिल्डरकडच्या परेश साहेबांनी पुढचं चित्र लावलं. वाचनालय जिथे येणार, त्या कारखान्याच्या अंगणाचा ड्रोनने वरून काढलेला फोटो. खाली ओळ : सध्याचा वापर – काही नाही.

"काही न्हाय?" सोनूमावशी ताडकन उठली. "आवो, आमी बोंबील कुठं सुकवताव मग? चाळीस घरांच्या बांबूच्या वलांड्या हायेत तिथं!"

"मावशी, फोटोत एक तरी बांबू दाखवा," साहेब शांतपणे म्हणाले.

बांबू नव्हताच. आणि तो का नाही, हे प्राप्तीला ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी ड्रोन येणार असं कळलं, तेव्हा तिनेच घरोघर फिरून बायका गोळा केल्या होत्या. "गावाचा फोटो निघणार, आणि मधोमध लोंबते बोंबील? छे!" पाहुणा येणार म्हटलं की या गावात आधी अंगण लख्ख होतं, मग चहाचं आधण चढतं. बायकांनी दोन दिवसांत वलांड्यांचे बांबू उपटले, वाळवण माळ्यावर चढवलं, फरशी घासून काढली. "पोर हुशार हाय," असं जो तो म्हणाला आणि प्राप्ती आठवडाभर हवेत होती. ड्रोन गेल्यावर बांबू पुन्हा रोवले गेले, फोटोत मात्र अंगण रिकामंच राहिलं.

"पार्किंगमागे जागा देऊ की," साहेब म्हणाले.

"भिंतीआड? तिथं वारा कुठला!" मावशीचा आवाज चिरकला. "कौलं वाळावीत म्हणून जुन्या शेठने वारा बघून ती जागा घेतली व्हती. भिंतीआड बोंबील सुकत न्हाय, कुजतो. मग आमी खायाचं काय?"

प्राप्ती उभी राहिली. मावशीने तिच्या ओढणीचा शेव खेचला. "बस गो खाली. उगा तुझ्यावर यायचं."

"बांबू मी काढायला लावले होते," प्राप्ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

"घ्या! मॅडमनी गाव चकाचक केला!" मागून ट्रकवाला दिपेशदादा ओरडला. हॉल हसला. प्राप्तीचे कान तापले.

"साहेब, फोटो मोठा करा. उजवा कोपरा."

कोपरा वाढत गेला, तसा पांढरा ठिपका फुलला. रांगोळी! बायकांनी पाहुण्यांसाठी घातलेली, चांगली हातभर रुंद.

"वापर काही नाही, तर रांगोळी कोणी घातली?"

परेश साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हसू मात्र त्यांना लपवता आलं नाही. "फेरपाहणी करू. पण एक सांगतो. वलांड्या तिथेच राहिल्या तर वाचनालय तिथे होणार नाही. दुसरीकडे होईलच, हा शब्द मी आज देऊ शकत नाही. तुला हवं होतं ना ते? मघापासून बघतोय मी."

प्राप्तीने पडद्याकडे पाहिलं. तिला हवं होतं, खूप हवं होतं. गावात एक कपाटभर पुस्तकं, तीही हेडमास्तरांच्या कुलपात.

"पुस्तकांना वारा लागत नाही, साहेब," ती हळू म्हणाली. "बोंबलांना लागतो."

ग्रामसेवक दत्तात्रेयभाऊंनी पेनाचं टोपण काढलं. "सध्याचा वापर, बोंबील सुकवणे," ते पुटपुटत लिहू लागले. "माहिती देणाऱ्याचं नाव?"

प्राप्तीने नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट. मग म्हणाली, "आणि भाऊ, बांबू कोणी काढायला लावले, तेही लिहा."