बत्तीस बिटचा साक्षात्कार

"आला! आवाजात प्राण आला!" गिटारवाला खुर्चीवरून अर्धा उठत ओरडला. त्याच्या मागे जाहिरातींची गाणी करणाऱ्या बाई डोळे टिपत होत्या. स्टुडिओचा मोठा हॉल खचाखच भरला होता, दिवे मंद केले होते आणि समोर स्पीकरवर दोन्ही हात ठेवून बत्तीसगुरू डोळे मिटून उभे होते. गळ्यात माळेच्या जागी हेडफोन, आणि चेहऱ्यावर तिन्ही त्रिकाळ बत्तीशी दाखवणारं हसू.

"सोळा बिट म्हणजे देह," गुरू म्हणाले. "चोवीस बिट म्हणजे मन. आणि बत्तीस? आत्मा! मी फाइल बदलत नाही हो, मी तिला मोक्ष देतो."

टाळ्या! यातल्या निम्म्या लोकांचं पोट आवाजावर चालतं आणि तेच टाळ्या पिटत होते.

माझा धंदा मिक्सिंगचा. गायक आणि वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड होतात, ती एकमेकांत नीट बसवून मी गाणं तयार करतो. मग ते मास्टरिंगला जातं, तिथे त्यावरून शेवटचा हात फिरतो. तिकडे पाठवायची फाइल किती बिटची असावी, एवढा साधा तो प्रश्न. बिट म्हणजे आवाज मोजायच्या पट्टीवरच्या रेघा समजा. बिट जास्त, तर रेघा बारीक. यात ना आत्मा, ना मोक्ष.

पण त्या दिवशी गुरूंनी आधी जशीच्या तशी आणि मग बत्तीस बिटची करून वाजवलेली फाइल माझ्या सख्ख्या ताईची होती.

ताई गायची. घशाच्या ऑपरेशननंतर ती बोलू शकते, पण गाणं संपलं. ऑपरेशनच्या आधी तिने हट्टाने जी गाणी रेकॉर्ड केली, तेवढाच तिचा आवाज आता जगात आहे. आणि गुरूंचा नियम असा की मोक्ष मिळाला की मूळ फाइल पुसून टाकायची, एकही प्रत ठेवायची नाही. "जुना आवाज मागे रेंगाळला तर नवा मुक्त होत नाही!"

"डिस्क दे," ताई माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली. तिची सगळी मूळ गाणी माझ्याकडच्या त्या डिस्कवर होती.

"ताई, वेड लागलंय का तुला? ही पुसली तर पुन्हा कुठून आणणार?"

"गाणी माझी आहेत. ऐकलंस ना आत्ता? आवाज किती जवळ आला! माझं गाणं तर गेलंच. जे उरलंय ते तरी पूर्ण होऊ दे की रे."

मी डिस्क खिशात घट्ट धरून ठेवली. गुरू गोड हसले. "भाऊरायांना अहंकार सुटत नाही. मिक्सिंगवाल्यांचा हा जुना रोग आहे."

लोक हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "एक विचारू का?" ताईचं ऑपरेशन केलेल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई होत्या. ताईनेच त्यांना बोलावलं होतं.

"दोन्ही फाइली सारख्याच आवाजात वाजवल्या होत्या का?"

"बाई, आवाज मोजायचा नसतो, अनुभवायचा असतो."

"मी रोज लोकांचे कान तपासते. तोच आवाज किंचित मोठा करून ऐकवला की माणूस हमखास म्हणतो, हा जास्त स्वच्छ आहे. तुमची दुसरी फाइल मोठी वाजतेय." त्यांनी पर्समधून आवाज मोजायचं छोटं यंत्र काढलं. "आपण सारख्या करून ऐकू."

"श्रद्धा नसलेल्याला फरक ऐकूच येत नाही!"

"बरं. मग श्रद्धा असलेल्यांनाच विचारू."

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मी यंत्राकडे बघत दोन्ही फाइली एका पातळीवर आणल्या आणि कुठली वाजतेय ते दिसू नये म्हणून कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे वळवला. डॉक्टरीणबाईंनी फाइली उलटसुलट क्रमाने लावायला सांगितल्या. आत्मा कुठला वाटतो, हात वर करा! कधी इकडचे हात वर, कधी तिकडचे. गिटारवाल्याने छातीठोकपणे ज्या फाइलला आत्मा म्हटलं, ती निघाली ताईची मूळ फाइल. तो खाली मान घालून बसला.

"आता तुम्ही सांगा," डॉक्टरीणबाई गुरूंना म्हणाल्या.

"आज माझी ऊर्जा खर्च झाली आहे."

"अरे वा! मघाशी तर उतू जात होती!" जाहिरातवाल्या बाई पचकल्या. डोळे अजून ओलेच होते, पण आता ते रागाने.

मी म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावूच. "एका फाइलची लाट मी उलटी करतो. ही वर जाईल तिथे ती खाली. दोन्ही सारख्या असतील तर एकमेकींना खाऊन टाकतील आणि काहीच ऐकू येणार नाही. वेगळं काही असेल, तर तेवढंच उरेल. गुरूंनी घातलेला आत्मा ऐकू या."

वाजवलं. हॉलमध्ये स्मशानशांतता. मग एकदम, चट्. पुन्हा शांतता. पुन्हा चट्, चट्.

"हे काय?" ताईने विचारलं.

"तुझे जोरात लावलेले वरचे सूर, ताई. त्यांचे माथे. आवाज मोठा करायला जागा पुरेना, म्हणून याने ते छाटले. घातलं काहीच नाही. काढलं तेवढं हे. मूळ फाइल का पुसायची होती, कळलं? ताडून बघायला काही उरू नये, हीच मेख."

गुरूंची बत्तीशी मिटली. "कलियुग आहे," असं काहीतरी पुटपुटत ते वायर गुंडाळायला लागले. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ऑपरेशनपासून तिचा आवाज खरखरीत झालाय, त्याच आवाजात ती म्हणाली, "मी गाऊ शकत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी माझ्याच हातून माझा आवाज पुसायला लावत होता. चालते व्हा."

ते गेले. दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला मोक्ष देतही असतील. या जातीला लाज नसते, आणि आपल्याकडे भोळ्यांचा तुटवडा नाही.

ताईची गाणी मी चोवीस बिटमध्ये केली होती आणि चोवीसमध्येच मास्टरिंगला पाठवली. ज्या बिटवर काम केलं त्याच बिटवर पाठवावं, मध्येच उतरवू नये. उतरवायचं ते मास्टरिंगवाला शेवटी एकदाच उतरवतो. चोवीसची बत्तीस केल्याने बिघडत काही नाही, पण वाढतही काही नाही. पुढे नुसती शून्यं जोडली जातात. पाच मीटर कापडाला पाच पूर्णांक शून्य शून्य मीटर म्हटलं म्हणून सदरा लांब होत नाही.

तेव्हा कुणी चमत्कार ऐकवला तर आधी दोन्ही आवाज सारखे करायला सांगा आणि डोळ्यांआड अदलाबदल करून ऐका. तो नाही म्हणाला, तर तिथून उठा. आणि मूळ वस्तू नष्ट करा असं जो सांगतो, तो गुरू असो, वैद्य असो की सख्खा नातेवाईक, त्याच्या हाती काहीही देऊ नका.