पहिला घावन तव्याचा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. बीडाचा, जडशीळ आणि काळाकुट्ट. काळेपणाचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावरूनच झाली.

भट्टीतून निघालो तेव्हा मी राखाडी, खरबरीत, कुणाच्या कामाचा नव्हतो. कुडाळच्या बाजारात कौशल्याबाईंनी मला बोटाने टणटण वाजवून बघितलं, "बोलतोय चांगला," म्हणाल्या आणि घरी नेलं. तेल पाजलं, तापवलं, पुन्हा पाजलं. अर्धा कांदा तेलात बुडवून रोज माझ्यावर फिरवला. असं करत करत मी काळा झालो. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे रे बाबांनो, ती आमची कातडी. ती असली की घावनाची नुसती कड उचलावी, अख्खा घावन हातात येतो.

कौशल्याबाईंनी मला त्यांच्या लेकीला, कल्पनाला, लग्नात दिलं. जावई हरीश पुण्याचा. त्याला नोकरी लागली दिल्लीत, एका परदेशी कंपनीत. तेव्हा असल्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. यमुनेपलीकडे, नोएडाच्या नव्या सोसायटीत फ्लॅट मिळाला. खाली रस्ता व्हायचा होता, नळाला पाणी यायचं होतं, पण केबलची तार मात्र आधी आली.

गॅसवरून मला टीव्ही सरळ दिसायचा. स्वयंपाकाचे कार्यक्रम म्हणजे कल्पनाचा जीव की प्राण. एका चॅनेलवर एक बाई यायच्या, साडीला सुरकुती नाही, ओट्यावर थेंब नाही. त्यांचं काही म्हणजे काही बिघडायचं नाही. हरीश बघता बघता घोरायला लागायचा. दुसरे होते बलबीरजी. पोट सुटलेले, खांद्यावर फडकं. बोट भाजलं की "हाय रब्बा!" करून नाचायचे. मीठ जास्त पडलं तर लपवायचे नाहीत, "गलती हो गई जी, अब सुधारते हैं," म्हणायचे. त्यांचं बघताना कल्पना एकटीच खुदखुदायची.

एकटीच, कारण दिल्लीत तिचं तोंड बंद झालं होतं. कुडाळात ही पोर बाजार डोक्यावर घ्यायची. इथे एकदा भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस केली, तर शेजारच्या बायका लिफ्टभर हसल्या. तेव्हापासून ती बोटाने दाखवून भाजी घ्यायची. लेक मैत्रेयी शाळेत डब्यात घावन घेऊन गेली, तर पोरं म्हणाली, "रुमाल खाती है!" झालं. डब्यात परोठा सुरू झाला.

आणि एक दिवस बलबीरजींनी टीव्हीतून हाक दिली, "बहनों, अपनी रसोई का कुछ लेकर आइए!" कल्पनाने कुणाला न विचारता पत्र टाकलं. बोलावणं आलं! रविवारी सकाळी, थेट कार्यक्रम. थेट म्हणजे चुकलं तर पुसता येत नाही.

मैत्रेयी रडकुंडीला आली. "आई, मत जा ना, प्लीज! सगळी क्लास बघते ते."

कल्पना पीठ भिजवत होती. हात थांबला. "एकदा जाऊन येऊ दे गं. नाही जमलं ना, तर पुन्हा कुठे तोंड उघडणार नाही. बस?"

ती हे खरंच म्हणत होती, मित्रांनो. मी तिला लहानपणापासून ओळखतो.

रविवार उजाडला. कल्पना आंघोळीला गेली आणि हरीश ओट्याशी आला. या माणसाने जन्मात चहाची कपबशी विसळली नव्हती. मला बघून म्हणाला, "टीव्हीवर हा कोळसा नेणार? बिल्कुल नाही." आणि घेतली की तारेची घासणी! पावडर टाकून, बाह्या सावरून, घाम गाळून घासलं मला. मला तोंड असतं तर अख्खी सोसायटी गोळा केली असती. कौशल्याबाईंनी चढवलेली कातडी काळं पाणी होऊन मोरीत गेली. "वा! एकदम नवा!" म्हणून त्याने मला पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. बायकोला सरप्राइज!

स्कूटरवर मी कल्पनाच्या मांडीवर होतो. ती पुटपुटत हिंदी वाक्यं पाठ करत होती. मी आतून ओरडत होतो, उघड गं, एकदा उघडून बघ.

तिने उघडलं ते थेट स्टुडिओत, दिवे लागल्यावर, कॅमेरा तोंडावर असताना.

"अगं बाई," एवढंच म्हणाली. काचेपलीकडे हरीश अंगठा वर करून हसत होता.

"ये आपका पुराना तवा है?" बलबीरजी म्हणाले. "ये तो शीशा है जी!"

कल्पनाची पाठ केलेली वाक्यं पार उडाली. तिने गॅस लावला, तेल सोडलं, पीठ ओतलं. चर्रर्र झालं. कड उचलायला गेली, कड नाही. उलथनं घातलं, तर चिंधी वर आली आणि बाकीचा घावन मला घट्ट. सोडायचा खूप प्रयत्न केला हो मी. पण उघड्या अंगाला सगळंच चिकटतं.

कॅमेऱ्यामागून कुणीतरी नॉनस्टिक तवा उंच धरून हलवायला लागलं: बदला, बदला! कल्पनाचे डोळे भरले. बलबीरजींनी त्या तव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, हात मागे बांधले आणि हळूच विचारलं, "बहनजी, अब?"

मला वाटलं, संपलं.

"पहला तवे का होता है," ती म्हणाली.

"जी?"

"हमारे में पहला घावन तवे का. वो बिगडताच है. फिर घर की औरत खाती है उसको. चुपचाप." तिने नाक ओढलं. "लेकिन आज इसका चमडी निकल गया. मेरे मिस्टर ने सुबह घिस डाला. प्यार से."

आधी कॅमेरावाल्याला हसू फुटलं, मग बलबीरजी पोट धरून हसले. काचेपलीकडचा अंगठा हळूहळू खाली आला.

"तो चमडी वापस आएगी?"

"थोडी आएगी. टाईम लगेगा."

थेट कार्यक्रमात वेळ कुठून आणायचा! पण गॅस मोठा झाला. मला खरवडलं, मीठ टाकून फडक्याने रगडलं. आता कांदा हवा. समोर काचेच्या वाट्यांत सगळं चिरून मांडलेलं, धरून फिरवायला काही नाही. तिने शोभेच्या टोपलीत हात घातला. टोमॅटो प्लास्टिकचा. वांगं प्लास्टिकचं. तळाशी कांदा मात्र खरा निघाला! अर्धा कापला, तेलात बुडवला, फिरवला. धूर. पुन्हा तेल. पुन्हा धूर.

आणि मी तापेपर्यंत तिला बोलणं भाग होतं. बोलली. कुडाळचा बाजार बोलली, आई तव्याला तेल पाजते ते बोलली, लिफ्टमधलं हसणंही बोलली. मोडकंतोडकं, पण थांबली नाही. एवढे बडबडे बलबीरजी, पण नुसतं फडकं धरून ऐकत राहिले.

दुसरा घावन मधेच फाटला. तिने तो बाजूला सारला, पुन्हा कांदा फिरवला. तिसऱ्याला मी जीव मुठीत धरला. जाळी पडली. कडा सुटल्या. उलथनं खाली गेलं आणि घावन अलगद, पांढराशुभ्र, तिच्या हातावर आला.

बलबीरजींनी तुकडा मोडून खाल्ला. वाहवा नाही, काही नाही. तोंड भरलेलंच, म्हणाले, "बहनजी, और है?"

आम्ही परत आलो. सोसायटीच्या खाली हरीश म्हणाला, "कल्पना, यार, मला खरंच वाटलं..." ती म्हणाली, "आता कांदा फिरवायला शिका."

दार मैत्रेयीने उघडलं, मागे टीव्ही अजून चालूच होता. कल्पना तिथेच थबकली. बलबीरजींना ती घाबरली नव्हती तेवढी या पोरीला घाबरली होती.

मैत्रेयीने पिशवीतून मला काढलं, दोन्ही हातांनी, जड म्हणून वाकत, आणि गॅसवर ठेवलं.

"आई, पीठ उरलंय ना? पहिला मला दे. तव्याचा. आज तू नाही खायचा चुपचाप."

मित्रांनो, त्या दिवशी कल्पना पदराने तोंड झाकून किती वेळ उभी होती, काय सांगू!

आता मी मैत्रेयीच्या गुडगावच्या घरी असतो, खालच्या कप्प्यात, चार गुळगुळीत तव्यांच्या खाली. हल्ली जो तो मोबाइल लावून स्वयंपाक दाखवतो, त्यात चिकटलेला घावन काही दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. घरातल्या काळ्या, जुन्या भांड्याला घासणी लावण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा. आणि आज जेवताना जरा बघा, तुमच्या घरात बिघडलेला पहिला घावन कुणाच्या ताटात जातो ते.