गोणपाटाचा पडदा

मी, उत्तरेश्वर सुतार, फुशारक्या मारतो असं गल्लीत म्हणतात, आणि ते खोटं नाही. एक चाक नीट बसलं तरी चार जणांना बोलावून दाखवायचो.

त्या साली तहसील कचेरीला शिसवी खुर्च्या हव्या होत्या. हैदराबादहून कुणी मोठा अंमलदार यायचा होता. काम मी घरच्या ओसरीतच करायचो. करवतीचा भुसा खाली पडतो, पण काचकागद घासला की लाकडाचं पीठ उडतं. ते भाकरीवर बसायचं, पाण्यावर बसायचं. माझी बायको सारजा खोकायला लागली. माझ्याच कामानं तिला त्रास होतोय म्हणून माझा जीव तुटायचा, आणि रागही यायचा.

मग मी युक्ती काढली. तीन जुनी गोणपाटं उसवून एकत्र शिवली, ओसरीच्या वाशाला टांगली आणि त्यावर पाणी मारलं. मी पडद्याआड बसून घासायचो, धूळ ओल्या गोणपाटाला चिकटायची. घरात कण नाही! सगळं फुकटात. गावभर सांगत सुटलो. सारजाला एकच ताकीद दिली, "ह्यो पडदा धुवू नगंस. गोणपाट कुजंल."

"बरं," ती म्हणाली. "लई चांगला झालाय."

खोकला मात्र वाढतच गेला. बीडहून हकीम आणले. त्यांनी घरातल्या धुळीचं विचारलं. मी छाती काढून पडदा दाखवला. त्यांनी मान डोलावली, काढा दिला आणि गेले. दिवाळीच्या आधी सारजा गेली.

तेराव्यानंतर मी पुन्हा कामाला बसलो. चार दिवसांत पडदा धुळीनं जड झाला, पाणी धरेना, आणि धूळ परत घरात. सारजाची धाकटी बहीण रतन शेजारच्याच घरात दिलेली. मी चिडून तिला हाक मारली.

"रतन, ह्या पडद्याला काय झालं गं? सा महिनं चांगला चालला हुता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "दाजी, आक्का झटकायची न्हवं त्येला. तुमी पारावर पान खायाला गेला की रोज वाळलेला पडदा परसात न्यायची अन् काठीनं बडवायची. धुवू नगंस म्हणलं हुतं ना तुमी?"

"मग मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी गावभर सांगत हुता, घरात कण न्हाई म्हणून. ती म्हणायची, त्यास्नी वाईट वाटंल."

मी पडदा काढून परसात नेला. काठी तिथंच भिंतीला टेकलेली होती. पहिल्याच फटक्याला धुळीचा लोट तोंडावर आला आणि मला ठसका लागला. घरभराची धूळ मी गोळा केली होती, आणि रोज तिच्या एकटीच्या छातीत भरली होती. मी काठी टाकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

रतन जवळ आली. "तोंडाला फडकं तरी बांधायचं, दाजी."

"ती बांधायची?"

"आदी बांधायची," रतन म्हणाली. "मग ते फडकं तुमी खुर्च्या पुसाया नेलतं."