परवा म्हणजे कधी?

मी बालवाचनालयातला फळा बोलतोय. लाडात येऊन नाही, वैतागून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर ज्याला वाटेल त्याने माझ्यावर लिहिलं, मला मात्र कुणी काही विचारलं नाही. आज माझी पाळी. मध्ये कुणी खडू उचलायचा नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. दोन फळ्या जोडून, सांध्यात लांबीचा लगदा भरून त्याने मला घासून घासून गुळगुळीत केलं आणि वर काळा रंग चढवला. सुरुवातीची वर्षं मी गाडी शिकवणाऱ्या एका वर्गात काढली. तिथे माझ्यावर बाण काढत. इकडे वळा, तिकडे वळू नका, इथे थांबा. लोक माना डोलवायचे आणि बाहेर जाऊन गाडी भिंतीवर घालायचे. पण बाणाचा अर्थ काय, यावरून तिथे कुणाचं बोलणं बंद झालं नाही. पुढे तो वर्ग बंद पडला. ग्रंथपालबाईंनी मला विकत घेतलं आणि वाचनालयाच्या दारासमोरच्या भिंतीवर टांगलं.

ग्रंथपालबाई भल्या. मला ओल्या फडक्याने पुसतात, कोपऱ्यांसकट. त्यांच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण माझं वाटोळं त्यांच्याच हौसेने झालं.

बदकाची पुस्तकं तुम्हाला माहीत असतील. नसतील तर सुखी आहात. एक पोस्टमनमामा, त्याची सायकल आणि सायकलच्या पुढच्या टोपलीत बसणारं आगाऊ बदक. मामा पत्रं वाटतो, बदक लोकांच्या भानगडीत चोच घालतं. पोरं ही पुस्तकं इतकी वाचायची की पानं जुन्या साडीसारखी मऊ पडली होती. लिहिणाऱ्या बाईंचा फोटो कुठल्याच पुस्तकावर नव्हता आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

शेवटच्या, म्हणजे आत्तापर्यंतच्या शेवटच्या पुस्तकात बदक धुक्यात हरवतं. मामा एकटाच घरी येतो. शेजारीण विचारते, "बदक कुठाय हो?" मामा रिकामी टोपली खाली ठेवतो आणि म्हणतो, "परवा." पुस्तक संपलं.

आता आली का पंचाईत! आपल्याकडे परवा मागेही असतो आणि पुढेही. मामाला काय म्हणायचं होतं? परवापर्यंत होतं, की परवा येईल? ग्रंथपालबाईंनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "परवा म्हणजे कधी? पुढच्या पुस्तकात काय होईल? तुम्हीच लिहा!" त्या उद्गारचिन्हाचा मला अजून राग येतो.

सुरुवातीला बरं चाललं होतं, हे कबूल. मुलं लिहायची. बदकाला दुसऱ्या गावात नोकरी लागली. बदक धुकं खायला गेलं. समोरचे दोन दात पडलेल्या एका मुलीने लिहिलं, "बदक अंडं घालायला गेलं आहे, मामाला सांगायची लाज वाटते." ग्रंथपालबाई ते वाचून टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मीही हसलो असतो.

मग मोठी माणसं आली.

त्या मुलीचा काका दातांचा डॉक्टर. लहानपणी पहिलं पुस्तक त्याने वाचलेलं, म्हणून बदक जणू त्याच्या वडिलार्जित मालकीचं. दाढ कोरावी तसा खडू दाबून त्याने लिहिलं, "परवा म्हणजे येणारा परवा. दुसऱ्या पुस्तकात मामा हा शब्द याच अर्थाने वापरतो." दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या बाई आल्या आणि त्याखाली त्यांनी लिहिलं, "परवानंतर पूर्णविराम आहे. बदक येणार असतं तर तीन टिंबं दिली असती. बदक गेलं." झालं. वाचनालयाचे दोन तट पडले, 'येणारे' आणि 'गेलेले'. एरवी एका टेबलावर बसून वाचणारी माणसं खुर्च्या उचलून लांब बसू लागली. येणाऱ्यांनी गेलेल्यांना काळतोंडे म्हटलं, गेलेल्यांनी येणाऱ्यांना दुधखुळे म्हटलं. दोन सख्ख्या भावांनी माझ्यासमोर एकमेकांची गचांडी धरली. कशावरून? न लिहिलेल्या बदकावरून.

डॉक्टरने माझ्या डोक्यावर कायमची सूचना लिहिली, "पुराव्याशिवाय काहीही लिहू नये." आणि मुलांचं सगळं पुसून टाकलं. नोकरी गेली, धुकं गेलं. अंडंही गेलं. पुतणी शेजारीच उभी होती. "काका, ते माझं होतं," ती म्हणाली.

"अगं, पण त्याला आधार काय?" काका म्हणाला.

तेव्हापासून ती पोर लिहायची बंद झाली. काकाला खडू आणून द्यायची, डस्टर झटकून आणायची.

पुढचं पुस्तक काही येईना, तशी माणसांची जीभ सैल सुटली. "बाईंना आता सुचत नाही." "मुद्दाम ताणतायत." "बदक मेलं तर यांची सगळी पुस्तकं रद्दीत घालणार." हे लिहिणारेच तोंडाने म्हणत, आमचं बाईंवर फार प्रेम आहे हो. असलं प्रेम माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

एका दुपारी एक आजी आल्या. चपला दाराशी काढून थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि चष्मा वर-खाली करत सगळं वाचलं, रद्दीची धमकीसुद्धा. ग्रंथपालबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आजींनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. त्या दोघींची ओळख जुनी असावी.

डॉक्टर आणि शिकवणीच्या बाई यांचं तेव्हा टिंबांवरून जुंपलं होतं. आजी हळूच म्हणाल्या, "मला वाटतं, मामालाच ठाऊक नसेल. घाबरला असेल तो. घाबरलेला माणूस काहीतरी बोलून जातो."

डॉक्टरने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजी, तुम्ही ही पुस्तकं नीट वाचलीयत का?"

"वाचलीयत. बऱ्याचदा."

"मग पुन्हा वाचा. मामा कधीच घाबरत नाही. हे त्याच्या स्वभावातच नाही."

"असं होय," आजी म्हणाल्या.

शिकवणीच्या बाईंचं आणि डॉक्टरचं एवढ्या एका बाबतीत एकमत झालं. दोघं मिळून हसले.

आजी पुतणीकडे वळल्या. "तुला गं काय वाटतं? बदकाचं काय झालं असेल?"

पोरीने तोंड उघडलं. मग काकाकडे बघितलं. "काकांना विचारा," ती म्हणाली.

आजींचा चेहरा मी पाहिला. रद्दीची धमकी वाचताना त्या हलल्या नव्हत्या, त्या इथे हलल्या. त्यांनी खडूचा एक तुकडा उचलला आणि खाली वाकल्या. गुडघे कुरकुरले. माझ्या डाव्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोचेल तिथे, त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली. "हे तुझ्यासाठी," म्हणाल्या आणि चपला घालायला दाराशी गेल्या.

पोर वाचू लागली. ओठ हलत होते. मध्येच थांबून तिने हाक मारली, "काका, हे बरोबर आहे का?"

काकाने वळूनही पाहिलं नाही. "खाली पुरावा दिलाय?"

"नाही."

"मग पूस."

आणि तिने पुसलं. नीट पुसलं, कोपऱ्यासकट. ग्रंथपालबाई "अगं!" म्हणून धावल्या. आजींनी दारातूनच मान हलवली, म्हणजे नको, राहू दे. एक चप्पल पायात, एक हातात, अशा त्या किती तरी वेळ तिथेच उभ्या होत्या.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकाचं पत्रक आलं. ग्रंथपालबाईंनी ते माझ्या चौकटीला चिकटवलं. "लेखिकेने पुढील पुस्तक मागे घेतले आहे."

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. कसली लाज आणि कसलं काय! डॉक्टरने 'मागे' या शब्दाखाली रेघ ओढली आणि डोळे चमकवत लिहिलं, "पुस्तक मागे घेतलं! म्हणजे कथा मागच्या काळात जाणार! मामाचं लहानपण!" शिकवणीच्या बाईंनी लिहिलं, "'घेतले आहे' याचा अर्थ काम पूर्ण झाले. आता फक्त छापायचे राहिले." पंधरा माणसं टाळ्या पिटत होती. ग्रंथपालबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

पुतणी तिथे त्यांच्या मागोमाग गेली. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, पुस्तक येणार आहे ना?"

"नाही गं राजा. त्या आजी आल्या होत्या ना, त्यांचंच ते पुस्तक. नको म्हणाल्या आता."

मग पोर म्हणाली, "म्हणजे त्यांनी लिहिलं ते खरं होतं."

"हो."

"मी पुसलं ते."

"तुला आठवतंय का काय होतं?"

"मी अर्धंच वाचलं होतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

बाहेर माणसं मामाच्या लहानपणी टोपली कशाची होती यावर भांडत होती. पोर डोळे पुसत आली, माझ्या डाव्या कोपऱ्याशी उकिडवी बसली आणि आठवेल तेवढं लिहिलं.

"बदक आलं, पण"

काकाने वरून वाकून बघितलं. "हे कशावरून?"

तिने मान वर केली नाही. "मी वाचलंय," एवढंच म्हणाली. डस्टर हातात घेऊन ती कोपऱ्यापुढे बसून राहिली. वाचनालय बंद होईपर्यंत तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

ती ओळ अजून आहे. आता तुम्ही तिच्याभोवती जमलाय. 'पण' नंतर काय असेल म्हणून कुजबुजताय, आणि दोघातिघांच्या हातांत खडूही दिसतोय मला. पुढचे शब्द मला पाठ आहेत. माझ्याच अंगावर लिहिले होते. त्या पोरीला एकदा सांगता आले असते तर मी आनंदाने सरपणात गेलो असतो. पण माझा आवाज तिच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि फळ्याला आपणहून लिहिता येत नाही. मला ठाऊक असून गप्प बसावं लागतं. तुम्हाला तर ठाऊकच नाही. मग ठेवा तो खडू खाली.