मोहरीचे बारा किलो

ज्या वर्षी आत्याचे लग्न झाले, त्या वर्षी मी या दुकानात आलो. घरात माझे वय अजून असेच मोजतात. कोणी विचारले, "हा तराजू कधीचा?" तर उत्तर ठरलेले, "आत्याच्या लग्नाचा." जणू काही बोहल्यावर मीच उभा होतो!

होय मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. हातात धरून भाजी जोखायचा लहान नव्हे, तर छताच्या तुळईला टांगलेला, पोती जोखणारा मोठा तराजू. माझी दांडी लोखंडाची आहे. दोन्ही पारडी जाड पत्र्याची, साखळ्यांनी लटकलेली, जमिनीपासून वीतभर वर. दांडीच्या मधोमध काटा आहे. दोन्हीकडचे वजन सारखे झाले की तो सरळ उभा राहतो.

मला घडवणारा लोहार मोठा हट्टी होता. माझी एक बाजू तसूभर जड निघाली, तेव्हा तो जेवणाची वेळ विसरून कानशीने घासत बसला. "माझा तराजू खोटा निघाला असं कोणी म्हणता कामा नये," असे तो पुटपुटत होता. मग सरकारी माणसाने मला तपासले आणि दांडीवर शिक्का मारला. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

ज्या किराणा दुकानात मी आलो, तिथला दुकानदार तेव्हा तरुण होता. तो आत्याचा धाकटा भाऊ. त्याच्या वडिलांनी गल्ला त्याच्या हाती देताना एकच गोष्ट शिकवली होती. "काटा मधोमध उभा राहिला की गिऱ्हाईक उपाशी राहिलं समज. मालाचं पारडं खालीच गेलं पाहिजे." दुकानदाराने ती शिकवण हाडामांसात मुरवली. किलोभर साखर तोलून झाली, काटा सरळ होऊ लागला, की तो आणखी एक मूठ टाकायचा. मालाचे पारडे खाली झुकायचे आणि त्याचा चेहरा खुलायचा. त्याचे हे झुकते माप इतके गाजले की चार गल्ल्या ओलांडून लोक आमच्याकडे येत. मी मात्र मनात खट्टू व्हायचो. इतका काटेकोर मी, आणि माझा मालक मला कधी सरळ उभा राहूच देत नव्हता.

बऱ्याच वर्षांनी दुकानदाराला मुलगी झाली. ती इतकी बारीक होती की बापाने तिला पाहताच म्हटले, "ही तर मोहरी!"

"अहो, पोरीला किराण्यातलं नाव काय ठेवता?" तिची आई रागावली.

"मोहरी बारीक असते, पण तापली की कशी तडतडते बघ."

तडतड तर ती करायचीच, पण तोंडाने. पायांनी मात्र नाही. दुकानाची तीन पायऱ्यांची चढण चढली तरी तिला धाप लागे आणि ओठ निळे पडत. तीन वर्षांची झाली तेव्हा तिला लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिच्या काळजाला छिद्र होते.

डॉक्टरांनी सांगितले, "ऑपरेशन केलं की मुलगी खडखडीत बरी होईल. पण बारा किलो भरल्याशिवाय आम्हाला हात लावता येणार नाही. एवढ्या लांब तिला सारखं आणू नका, प्रवासाने आणखी खंगेल. घरीच वजन करा." ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर तिथे वर्षातून दोनदाच येत.

"घरी तराजू आहे," दुकानदार छाती फुगवून म्हणाला, "शिक्क्याचा!"

त्या दिवसापासून मी पोत्यांचा तराजू राहिलो नाही. मी मोहरीचा तराजू झालो.

दर रविवारी सकाळी दुकान उघडले की माझ्या उजव्या पारड्यात घडी घातलेले गोणपाट पसरत. मोहरी त्यावर बसे आणि साखळ्या घट्ट धरी. डाव्या पारड्यात दुकानदार एकेक वजन ठेवी. शेजारचा न्हावी हमखास डोकावायचा.

"काय मालक, आज पोर विकायला काढली? भाव काय लावलाय?"

"मी विकायची नाही," मोहरी म्हणे. "मी नुसती मोजायची."

"मग अर्धा किलो तरी दे की!"

"अर्धी तुम्हाला दिली, तर उरलेली शाळेत कशी जाईल?"

दुकानासमोरच्या चढावर, दगडी पायऱ्यांच्या माथ्यावर, बालवाडी होती. रोज सकाळी मुले आमच्या दारावरून किलबिलत वर जात. मोहरी गल्ल्याजवळ बसून त्यांना बघे. बारा किलो झाले की त्या पायऱ्या आपल्या, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

तिची आई याच पायऱ्या तिच्या पोटात उतरवत असे. "हा घास पहिल्या पायरीचा. हा दुसऱ्या पायरीचा." अंडे, केळे, दूध, भात. कधी कधी मोहरी मधेच तोंड मिटून घेई. "आज मी इथेच बसते. उद्या वर जाईन." मग आई म्हणे, "पायरीवर बसलं की मुंग्या चावतात बाई!" आणि आणखी एक घास आत जाई. दुधावरच्या सायीवरून तर रोज महाभारत होई.

इतके करूनही माझ्या पारड्यात बारा भरत नव्हते. का, ते ऐका. दुकानदाराच्या हाताला आयुष्यभराची सवय होती. उजवे पारडे मालाचे, आणि ते खाली झुकलेले म्हणजे माप चोख. मोहरी उजव्या पारड्यात बसे. तो डावीकडे वजने वाढवत जाई, तिचे पारडे हळूहळू वर येऊ लागे, आणि ते थोडे खाली असतानाच त्याचा हात आपोआप थांबे. मी पोत्यांचा तराजू. अर्ध्या किलोचा फरक असला तरी माझी दांडी धाडकन आपटत नाही, नुसती कलते. ते कलणे त्याला खटकतच नसे. लेकीचे खरे वजन तो दर आठवड्याला कमी सांगत होता, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

एके रविवारी चमत्कार झाला. मोहरी एकदम जड झाली! दुकानदार हरखला. पण आईने तिला पारड्यातून उचलले आणि फ्रॉकच्या खिशांतून खाली पडल्या साबणाच्या दोन वड्या आणि दाराचे कुलूप.

"हे काय गं?"

"डॉक्टरांना वजन पाहिजे ना? मी दिलं." मोहरी ओठ काढून म्हणाली.

न्हावी हसून हसून बेजार झाला. दुकानदार मात्र हसला नाही. त्याने साबण जागेवर ठेवला आणि तो पाठ फिरवून बराच वेळ पोती आवरत राहिला.

आईला कुठेतरी शंका येत होती. "अहो, तिचा फ्रॉक घट्ट होतोय. गाल वर आलेत. मूठभर मांस चढलंय पोरीच्या अंगावर."

"आईच्या डोळ्यांना तसंच दिसणार. तराजू खोटं बोलत नाही."

मित्रांनो, मी खोटे बोलत नव्हतो. पण मला माझे वाक्य पुरे करू देत होते कोण?

मग एक दिवस दवाखान्यातून नर्सचा फोन आला. मोठे डॉक्टर बुधवारी येणार होते. मुलीचे वजन किती?

"अकरा आणि थोडं वर," दुकानदार म्हणाला.

पलीकडून काहीतरी सांगितले गेले. त्याने फोन ठेवला. "पुढच्या खेपेला बघू म्हणतात."

"पुढची खेप म्हणजे उद्या?" मोहरीने विचारले. गेल्या महिनाभरात तिचे ओठ पूर्वीपेक्षा जास्त निळे पडू लागले होते. पुढची खेप सहा महिन्यांनी होती, आणि ते सहा महिने तिला झेपतील का, हे आईबाप एकमेकांना विचारायला धजत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानदार आत जेवत होता. आई गल्ल्यावर बसली होती. मोहरी माझ्याशी दुकान-दुकान खेळत होती. तिने आमच्या लठ्ठ, आळशी मांजराला उजव्या पारड्यात बसवले. मांजराने एक जांभई दिली आणि ते तिथेच पसरले. मोहरीने दोन्ही हातांनी दोन किलोचे वजन उचलून डावीकडे ठेवले. मांजराचे पारडे जरासे वर आले. मोहरीने बापासारखे हात झटकले, मान हलवली आणि म्हणाली, "दोन किलो. अजून नाही!"

आईला हसू फुटले. "अगं वेडे, मांजर अजून खालीच आहे. आणखी वजन टाक."

"नाही टाकायचं! मालाचं पारडं खालीच ठेवायचं. बाबा मलापण तसंच मोजतात."

आईचे हसू थांबले. तिने मांजराकडे पाहिले, माझ्या काट्याकडे पाहिले, आणि अशी हाक मारली की मांजर उडी मारून पळाले.

"अहो! आधी बाहेर या!"

"जेवू तर दे—"

"ताट राहू दे. पोरीला मोजा. माझ्यासमोर. आणि काटा सरळ होईपर्यंत हात थांबवायचा नाही."

दुकानदार उष्टा हात तसाच ठेवून, डाव्या हाताने वजने ठेवू लागला. पाच, आणखी पाच, एक, अर्धा. हात थांबला.

"टाका."

"अगं, पण मग पारडं वर जाईल—"

"पारडं नका बघू. काटा बघा."

त्याने दोनशेचे टाकले. काटा हलला. आणखी दोनशेचे. काटा आणखी हलला. शंभर. बारा भरले होते, आणि मोहरी अजूनही खालीच होती! शेवटचे शंभर ग्रॅमचे वजन ठेवले आणि मी सरळ उभा राहिलो. या दुकानात आल्यापासून मला इतका वेळ कोणी सरळ उभे राहू दिले नव्हते. माझ्या दांडीतून जणू वीज खेळली.

"बारा किलो शंभर," आई म्हणाली.

दुकानदाराने मोहरीचे दोन्ही खिसे उलटे करून पाहिले. आत काही नव्हते. तो तांदळाच्या पोत्यावर मटकन बसला. "अख्ख्या गावाला जास्त दिलं, आणि पोरीचं मी..."

"रडायचं नंतर. आधी फोन लावा!"

आरडाओरडा ऐकून न्हावी वस्तरा घेऊन धावत आला. त्याच्या मागोमाग एक गृहस्थ आले, अर्धी दाढी झालेले, अर्ध्या गालावर फेस.

"काय झालं? कोण गेलं?"

"मी बारा झाले!" मोहरी पारड्यातून ओरडली. तो फेसाळ गृहस्थ कोणाचा कोण, पण त्यानेही टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी ते तिघे गेले. दुकान सांभाळायला आत्या आली. जाताना दुकानदार माझी साखळी चाचपून गेला. दवाखान्यातले मी पाहिले नाही, ऐकले तेवढे सांगतो. तिथल्या काट्यावर मोहरी माझ्याइतकीच भरली, ग्रॅमचाही फरक नाही. नर्स म्हणाली, "तुमचा तराजू पक्का आहे हो!" या वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षे जगलो.

बुधवारी दुपारी फोन वाजला, तेव्हा आत्या एका बाईंना साखर देत होती. तिने कानाला फोन लावून ऐकले, "बरं, बरं" म्हटले, फोन ठेवला आणि पिशवीत साखर ओततच राहिली.

"अहो, मी एक किलो सांगितली होती!"

"असू दे हो," आत्या म्हणाली. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. "आमच्या मोहरीचे ओठ गुलाबी झालेत."

काही महिन्यांनी बालवाडी सुरू झाली. माझ्या जागेवरून त्या दगडी पायऱ्या नीट दिसतात. त्या सकाळी आई, बाप, न्हावी आणि दाढीला आलेले दोघे असे सगळे दारात उभे होते. मोहरीने आईचा हात सोडला आणि ती चढू लागली. मध्यावर गेली आणि थांबली. आईने दारातून एक पाऊल पुढे टाकले.

मोहरी वळली आणि तिथून ओरडली, "बाबा! दमच नाही लागत!"

आणि ती उरलेल्या पायऱ्या पळत चढून गेली. शंख फुंकावा तशी न्हाव्याने शिट्टी मारली. मित्रांनो, मी फार पोती जोखली, पण तसा दिवस पुन्हा पाहिला नाही.

पुढे आकडे दाखवणारे विजेचे यंत्र आले. मला काढून मागच्या खोलीत टाकले. माझ्या पारड्यांत कांदे ठेवू लागले, साखळ्यांना गंज चढला. मला राग आला नाही, पण एकटे वाटले. मोठी होऊन मोहरी दुकान पाहू लागली, तेव्हा तिने मला बाहेर काढले, तेलपाणी केले आणि पुन्हा तुळईला टांगले. गल्लीत नवे मूल आले की लोक त्याला हौसेने माझ्या पारड्यात बसवतात. मोहरी स्वतः काटा बघते.

म्हणून एवढेच सांगतो. जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल द्या, फडके फिरवा, त्या अजून खरे बोलतात. आणि बाहेरच्यांना भरभरून देणाऱ्या माणसाला घरचे नेहमी कमीच दिसते. तेव्हा घरच्यांचे वजन करताना घाई करू नका. काटा उभा राहीपर्यंत थांबा.

मोहरीची आई, मोहरीला नातू झाला त्या वर्षी गेली. दुकानदार त्यानंतर दोन वर्षांनी, थंडीत, पहाटे झोपेतच गेला. तेव्हा मोहरी चौपन्न वर्षांची होती.