सुनेची पात

डॉक्टरांनी चंद्रकांताचं बांगड्या भरलेलं डावं मनगट सोडून उजवं धरलं, मग पुन्हा डावं. बोटं थोडी वर, थोडी खाली सरकवली. नाडी कुठंच लागेना. आणि ती तर समोर बसून मांडीवरच्या लेकराचं नाक पुसत होती.

करडीहून नागपूरला तिच्यासोबत सासू आली होती, शकुंतलाबाई. सून अशक्त आहे असं डॉक्टरांना वाटू नये म्हणून त्यांनी न विचारताच सांगायला घेतलं. धानाच्या रोवण्यात हिच्या तोडीची बाई गावात नाही. एकदा चिखलात वाकली की आपल्या वाट्याची पात संपेपर्यंत कंबर सरळ करत नाही. बाकीच्या बाया उभ्या राहून गप्पा मारतात, तेव्हाही ही मागं सरकत पऱ्ह्यांची रोपं लावतच असते.

डॉक्टरांनी मनगट खाली ठेवलं.

"उभं राहिल्यावर काय होतं?" त्यांनी चंद्रकांताला विचारलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अंधार येते. वाकलं का बरं वाटते."

"मंग सांगतलं काहून नाई?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"तुम्ही साऱ्या बायाइले माझ्या पातीची गोष्ट सांगत होत्या, आत्याबाई."

डॉक्टर कागदावर झाडासारखं काहीतरी काढत समजावत राहिले. काळजातून वर निघणाऱ्या धमन्यांना सूज होती. हातांना आणि गळ्यातून डोक्याला रक्त नेणाऱ्या वाटा आतून बुजत चालल्या होत्या. वाकलं की थोडं रक्त डोक्यात उतरायचं, म्हणून चिखलात तिला बरं वाटायचं. आधी गोळ्यांनी सूज उतरवायची. मग मुंबईला छाती उघडून, मोठ्या धमनीपासून गळ्यापर्यंत एक विणलेली नळी जोडायची. बुजलेल्या पाटाला वळसा घालून पाणी न्यावं तशी. त्यात जीव जाऊ शकतो, वाचा जाऊ शकते. नाही केलं, तर एक दिवस ती पडेल ती उठायचीच नाही.

घरी नवरा यादोराव म्हणाला, गोळ्यांवरच भागवू. जे उघडलं ते पुन्हा नीट मिटेल कशावरून? एरवी प्रत्येक गोष्टीत बोलणाऱ्या शकुंतलाबाई सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. खडे संपले तरी निवडत राहिल्या.

लहानगा गोपी कडेवर घे म्हणून आईचा पदर ओढत होता. तिनं नेहमीसारखं बसल्याबसल्याच त्याला मांडीवर ओढलं, तेव्हा तो हात झटकून आजीकडं गेला.

"याले मी उभ्यानं कधी घेतलंच नाई," चंद्रकांता म्हणाली. "मले जायचं हाय मुंबईले."

पुढच्या रोवण्याला, मुंबईची शस्त्रक्रिया करून आलेली ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेली होती. गोळ्यांनी चेहरा गोल झाला होता; मुंबईचं पाणी मानवलं म्हणून बायांनी तिची थट्टा करून घेतली होती. चिखलात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकराला उचलायला मात्र आता हरकत नव्हती. तरी तिनं उचललं नव्हतं. रोज उद्यावर ढकलत होती.

खाली बांधीतल्या चिखलात शकुंतलाबाई पऱ्हे लावत होत्या. यंदा त्यांनी कुणाच्याच पातीची गोष्ट काढली नव्हती.

पलीकडच्या बांधीत बगळे उतरले. गोपीला ते धुऱ्याच्या गवतातून दिसेनात. त्यानं दोन्ही हात वर केले.

चंद्रकांतानं त्याला छातीशी धरलं, एक गुडघा टेकला आणि उठली. डोळे मिटूनच उठली. मग उघडले. बांधी होती, बगळे होते, दूरवर तलावाची पाळ होती. सगळं जागच्या जागी होतं.

बायांचे हात थांबले.

"शकुंतलाबाई," बेबीबाई हळूच म्हणाली, "सून तं उभी हाय वं तुमची."

बेबीबाईनं वळून पाहिलं, तर शेजारची पात रिकामी होती. शकुंतलाबाई धुऱ्यावर होत्या, सुनेच्या मागं. पोटऱ्यांवरून चिखल ओघळत होता, आणि पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकराच्या मागं धरावेत तसे त्यांनी दोन्ही हात पसरून धरले होते. अंगाला न लावता.

चंद्रकांताला ते ठाऊक नव्हतं. ती बगळे दाखवत होती. गोपीचं बगळ्यांकडं लक्षच नव्हतं. तिच्या गळ्यावरच्या वणाशेजारी कातडीखाली काहीतरी ठकठक उडत होतं, त्यावर तो बोट ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा आणि हसायचा.

बऱ्याच वेळानं शकुंतलाबाईंचे हात खाली आले.

बांधीत बाया पुन्हा वाकल्या, मागं मागं सरकत गेल्या. शकुंतलाबाईंची पात तेवढी अर्ध्यावर राहिली, आणि त्यांच्या पऱ्ह्यांची जुडी पाण्यावर तरंगत राहिली.